एक पास बघा की!

हौशी नाट्यसंस्थेत ज्याला अभिनय येत नाही त्याच्याकडे नेपथ्य जातं, ज्याला सरळ खिळा ठोकता येत नाही तो संगीताच्या बटणावर बसतो आणि ज्याच्या हातून बटणही भलत्याच वाक्याला दाबलं जातं, त्याला प्रसिद्धिप्रमुख करतात. आमच्या संस्थेचा प्रसिद्धिप्रमुख मी आहे.

त्यात गाव सांगली. नाट्यपंढरी! दुसरा अंक कुठं पडला हे इथं पानपट्टीवालाही सांगतो. नाटकावर प्रेम सगळ्यांचं, फक्त ते तिकीट काढून दाखवायची पद्धत नाही.

आमचं नाटक दोन अंकी, दोन पात्री. एकाकी म्हातारा आणि त्याच्याकडे येणारा पोस्टमन. नाट्यगृहाचं भाडं, अनामत, लाइट, साउंड, मेकअपमन आणि भाड्याच्या सोफ्याचा टेम्पो एवढं वजा जाता खजिनदार नानांनी प्रसिद्धीसाठी दीड हजार रुपये मंजूर केले. नाना बँकेतून निवृत्त झालेत. पैसे मोजतानाही 'तारण काय?' अशा नजरेनं बघतात.

वर्तमानपत्रात जाहिरात चौरस सेंटिमीटरवर मोजतात. आमच्या पैशांत नाटकाचं नाव बसत होतं, तारीख बसत नव्हती. म्हणून प्रेसनोट दिली. छापून आली. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, दोन्ही उपाध्यक्ष, सगळ्यांची नावं बिनचूक. नाटकाचं तेवढं जागेअभावी गळालं.

मग फ्लेक्स. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे आणि तो फक्त हौशी नाट्यसंस्थाच पाळतात, अशी माझी खात्री झाली आहे. अर्ज केला, शुल्क भरलं, परवानगीचा नंबर कोपऱ्यात छापला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यावर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस चढलेला. शुभेच्छुकांच्या रांगेवरून आमच्या म्हाताऱ्याचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. आठवडाभर लोक आमच्या नायकाला थांबवून विचारत होते, "काय, पक्षात कधी गेलात?"

व्हॉट्सॲप फुकट, म्हणून तिकडं वळलो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 माणसं घालता येतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. सख्ख्या मेहुण्याच्या नावापुढं आजतागायत एकच टिक आहे. ज्यांना पोचला त्यांचे अंगठे आले, गुलाब आले, जोडलेले हात आले. एकानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. पोस्टरवर म्हाताऱ्याचा कृष्णधवल फोटो होता, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार?

सांगलीत प्रायोजक म्हणजे हळद, नाहीतर भडंग. हळदीच्या पेढीवर भाव पडल्याचं ऐकून, चहा पिऊन परतलो. एका भडंगवाल्यांनी मात्र रोख न देता माल दिला, दर खुर्चीमागे एक पुडा. अट एकच. पोस्टमननं टपालाच्या पिशवीतून पुडा काढायचा, नाव प्रेक्षकांकडं.

विष्णुदास भाव्यांचा मला अशा वेळी हेवा वाटतो. 1843 साली याच गावात 'सीता स्वयंवर' झालं तेव्हा पाठीशी चिंतामणराव पटवर्धन होते. राजाच प्रायोजक म्हटल्यावर फ्लेक्स कुणाला हवाय? पण 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि भाव्यांनाही मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. तिथंही कुणीतरी खांद्यावर हात टाकून पास मागितला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कारण खरं दुखणं हेच. नाटक आहे हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. कळलं की लगेच पुढचं वाक्य यायचं, "दोन पास बघा की!" हरभट रोडवर आमचे एक जुने शेजारी भेटले. हातात साड्यांच्या पिशव्या, मागं रिक्षा थांबवलेली, मीटर चालू. तिकीट शंभर रुपये म्हटल्यावर गंभीर झाले. "अहो, पैशाचा प्रश्नच नाही. पण तुम्ही असताना आम्ही तिकीट काढायचं? बरं दिसतं का ते?" रिक्षावाल्यानंही मान हलवली. दोन पास शेजाऱ्यांनी नेले, एक रिक्षावाल्यानं. तसं बघायला गेलं तर नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नसतो. म्हणजे सरकारसुद्धा आमच्याकडं पासावरच येतं.

शेवटी दिग्दर्शकांनी तोडगा काढला. पहिल्या अंकाच्या शेवटी म्हाताऱ्याला स्वप्न पडायचं आणि स्वप्नात शाळा भरायची. कलेच्या दृष्टीनं मला हे पटलं नाही, पण बालवाडीपासून सातवीपर्यंतची पोरं आली आणि काउंटरवर रांग लागली. नातवाच्या नाटकाला पास मागायला आजीलासुद्धा लाज वाटते.

प्रयोग झाला. शाळा भरली, मोबाइल वर गेले, "पोस्टमनकाका आले!" हे एकच वाक्य पोरांनी तीन वेगवेगळ्या वेळी म्हटलं, टाळ्या पडल्या, पडदा पडला. मध्यंतरात तिकीटवाले आपापली पोरं घेऊन घरी गेले. त्यांच्या रिकाम्या पहिल्या चार रांगांत पासवाले सरकले. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्यानं थरथरत्या हातांनी मुलाचं शेवटचं पत्र उघडलं आणि नेमके तेव्हाच सभागृहभर पुडे फुटले.

रात्री नानांनी मेकअपरूममध्ये हिशेब मांडला. शिल्लक चारशे दहा. संस्थेच्या इतिहासात प्रथमच शिल्लक! चष्मा पुसून नाना म्हणाले, पुढच्या वर्षी रामायण करू. वानरसेना घ्यायची. एका वानरामागे आई, बाप, दोन आज्या, एखादी आत्या.

"आणि राम कुणाला करायचं?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"राम नसला तरी चालेल," नाना म्हणाले.