अण्णा पान्यावर उभे राहतात

आळेफाट्याच्या अलीकडे पिकअपचं मागचं डावं चाक बसलं. मागे टोमॅटोची कॅरेटं, पुढे नारायणगावचा बाजार आणि हाकेच्या अंतरावर पंक्चरचं दुकान. स्टेपनी चढली, पोऱ्याने नट आवळायची हवेची गन उचलली, तेवढ्यात मी "थांब" म्हणालो आणि सीटमागून माझा टॉर्क रेंच काढला. इथवर सगळं ठीक होतं. मग बाकड्यावरचे अण्णा बोलले.

दुकान अण्णांचं नव्हतं, गाडी अण्णांची नव्हती, पंक्चरशीही त्यांचा संबंध नव्हता. अशा माणसाकडे वेळ भरपूर असतो. तंबाखू मळता मळता त्यांनी माझ्या हातातल्या वस्तूकडे असं पाहिलं, जणू मी सोयरिकीच्या बैठकीत रिमोटची मोटार घेऊन बसलोय.

"काय रं, ह्यो काय प्रकार?"

"टॉर्क रेंच, अण्णा. नट किती आवळायचा ते यावर ठरवता येतं."

"किती आवळायचा?" अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. साक्षीदार हवे होते, ते लगेच जमले. चहाच्या टपरीवरचे दोघे तर ग्लास घेऊनच आले. "आवळंल तेवढा आवळायचा की!"

मी उत्तर दिलं नाही. नट हाताने फिरवून बसवले होते, निमुळती बाजू रिंगेकडे. जॅकवर असतानाच समोरासमोरचे थोडे थोडे आवळून घेतले, म्हणजे रिंग सगळीकडून सारखी टेकते. ओळीने एकेक आवळत गेलं की ती एका अंगाला तिरकी बसते आणि पुढे गाडी थरथरायला लागली की आपण रस्त्याला शिव्या देतो. मग जॅक उतरवला, चाक जमिनीला टेकलं, रेंचवर गाडीच्या पुस्तकातला आकडा लावला आणि ओढला.

टिक.

"मोडला," अण्णा हळहळले.

"मोडला नाही. आकडा आला की आवाज होतो."

"आन् मंग?"

"मग थांबायचं."

"थांबायचं?" अण्णांचा मळता अंगठा थांबला. "अंगात जोर शिल्लक आसताना थांबायचं?"

टपरीवाले हसले. पोऱ्याही हसला, जो माझ्याच पैशाने हसत होता.

"केवढ्याला घेतला?"

"साडेतीन हजार."

"साडेतीन हजार! आन् करतंय काय, तर टिक. आमच्या भितीवरचं घड्याळ दीडशे रुपयात रातभर करतंय."

यावर अण्णांनी स्वतःची पद्धत समजावून सांगितली. व्हील पान्याला मीटरभर पाईप लावायचा, चपला काढायच्या, पाईपाच्या टोकावर उभं राहायचं आणि दोनदा उसळायचं. वीस वर्षं ट्रकवर हेच केलं म्हणे. चपला कशाला काढायच्या, ते मात्र सांगितलं नाही. बहुधा नटाचा मान राखायला.

आता अण्णांचं वजन धरू 90 किलो. पाईप मीटरभर. गुणाकार केला तर जवळजवळ 880 न्यूटन मीटर (पिळायच्या जोराचं माप) होतात, तेही न उसळता. साध्या मोटारीच्या नटाला साधारण 100 ते 120 लागतात. पिकअपला त्याहून जास्त, पण अण्णांएवढे नाहीत. नट आवळतो तेव्हा आतला स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आटे पाडलेला दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे रिंग हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीला, घट्ट दाबून राहते. चाक धरतं ते या दाबाने. ताण मर्यादेत असेल तर स्टड मूळ लांबीवर परत येतो. मर्यादा ओलांडली की लांबलेला लांबलेलाच राहतो, नाहीतर तुटतो. आणि तुटतो तो अण्णांच्या बाकड्यासमोर नाही, रात्री, घाटात, माल भरलेला असताना.

त्यात पोऱ्या काळ्या ऑईलचा डबा घेऊन आला. "भाऊ, आट्यांना लावू का, मऊ जाईल?" मऊच जायला नको आहे, बाबा! पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ऑईल लावलं की घर्षण कमी होतं, रेंच तोच आकडा दाखवतो आणि आत स्टड जास्त ताणला जातो. हे मी सगळ्यांना सांगितलं. एक टपरीवाला "हो का?" म्हणाला आणि चहा संपवायला निघून गेला.

"एवढं शिकलास," अण्णा म्हणाले, "तर सांग, जुन्या जीपला डावीकडचं नट कुठल्या बाजूनं सुटायचं?"

हा माणूस इथे बरोबर होता, याचा मला अजून राग आहे. जुन्या विलीज जीपला डाव्या चाकांचे आटे उलटे असायचे, चाक फिरता फिरता नट सैल होऊ नयेत म्हणून. पुढे बहुतेक गाड्यांतून ते गेलं. मी कबूल केलं. अण्णांनी मान अशी हलवली की टिकटिकीचा मुद्दाही त्यातच निकालात निघाला.

असो. नट झाले, मी पैसे द्यायला वळलो. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे, रिंग नवीन जागी बसली की ताण थोडा उतरतो, हे मी दुकानदाराला सांगत होतो आणि तो सुट्टे शोधत होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

ढर्रर्र. ढर्रर्र. ढर्रर्र.

पोऱ्या गन घेऊन चाकाशी बसला होता. शेवटच्या नटावर त्याने जरा जास्तच वेळ घेतला, कामावर प्रेम असल्यासारखा.

"भाऊ, तुमचं ते नीट बसलं नव्हतं. मी मारून घेतलं."

बिलात "नट टाईट" चाळीस रुपये वेगळे लावले होते. मी भांडलो. दुकानदार म्हणाला, गनला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते, तुमच्या टिकटिकीला काय लागतं?

बाजार चुकत होता, टोमॅटो उन्हात होते. तरी मी पाना लावून पहिला नट सोडायला घेतला, म्हणजे पुन्हा नीट आवळता येईल. नट हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळलो, तरी हलेना.

अण्णांनी तोपर्यंत पाईप आणून ठेवला होता आणि चपला काढल्या होत्या.