चांद्रयान गोफणीतून गेलं नव्हतं

घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. नासाला ढीगभर इंधन जाळावं लागतं. आपलं चांद्रयान-३ मात्र पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, गुरुत्वाकर्षणाच्या गोफणीतून फुकटात चंद्रावर पोचलं. दूरच्या ग्रहांकडे निघालेलं व्हॉयेजर यानही असंच गेलं. ग्रहाजवळून गेलं की यानाचा वेग वाढतोच. अभिमान समजू शकतो, हिशेब नाही.

फुकटात? ३,९०० किलोच्या त्या यानात इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर मिळून जवळजवळ १,७०० किलो माल एकट्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात होता. १५ ते २५ जुलै २०२३ दरम्यान पाचदा इंजिन चालवलं, १ ऑगस्टला चंद्राची वाट धरायला पुन्हा एकदा. पृथ्वीकडे येताना यानाचा जेवढा वेग वाढतो, तेवढाच वर चढताना गळतो. नुसत्या हजार फेऱ्या मारल्या तरी कक्षा वाढायची नाही.

मग फेऱ्या कशाला? नागपंचमीचा झोका आठवा. उभ्याने झोका घेणारी पोरगी खालून सपकन जाताना गुडघे ताठ करते आणि झोका चढतो. तिथे जोर पोरीच्या पायांचा, दोरीचा नव्हे. यानही पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सर्वांत वेगात असताना इंजिन पेटवलं की तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा पदरात पडते. रॉकेट लहान असलं की असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं.

व्हॉयेजरचं खरं आहे, पण प्रकार वेगळा. व्हॉयेजर-२ जुलै १९७९मध्ये गुरूजवळून गेलं. गुरूवरून पाहिलं तर ते आलं त्याच वेगाने गेलं, फक्त वळून. पण गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला १३ किमी वेगाने पळतोय. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जोरात परततो, तसं झालं. बदल्यात गुरू मंदावला, मोजताही येणार नाही इतका.

आणि 'वाढतोच' हेही चूक. बॅट मागे ओढली की चेंडू पायाशीच मरतो. पार्कर यानाने सूर्याजवळ जायला शुक्राचा सात वेळा असाच उपयोग केला, वेग घटवायला. खुद्द व्हॉयेजर-२चा वेगही १९८९मध्ये नेपच्यूनपाशी कमीच झाला.

गंमत म्हणजे चांद्रयान-३ला खरी गोफण मिळाली ती नंतर. त्याचं प्रोपल्शन मॉड्यूल उरलेल्या इंधनावर पृथ्वीच्या कक्षेत परत आणलं होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये ते दोनदा चंद्राजवळून गेलं आणि चंद्राच्या ओढीनेच त्याची कक्षा कितीतरी मोठी झाली. तेव्हा ग्रुपवर सामसूम होती.