स्वस्त माणसे टिकवण्याची कला

आपल्याकडे झाडणारी, पुसणारी, ओझी उचलणारी माणसे कामाला असतील आणि ती कमीत कमी पैशांत वर्षानुवर्षे टिकावीत अशी आपली इच्छा असेल, तर हे काम कोणालाही जमते, असे सर्वप्रथम स्वतःच्या मनावर बिंबवावे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण एखाद्या दिवशी सफाईवाली बाई येत नाही आणि ओले फडके घेऊन, उलट पावली एकेक पायरी उतरत, आपल्याच पायांचे ठसे न उमटवता जिना पुसण्याची पाळी आपल्यावर येते. त्या रात्री कमरेला शेक द्यावा, पण त्यातून कोणताही निष्कर्ष काढू नये. तिचा खाडा मात्र आठवणीने कापावा.

मजुरीचा विषय निघालाच, तर किमान वेतन वाढले की रोजगार घटतो, असे ठणकावून सांगावे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ते ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाल्यावर तिथल्या फास्ट फूडच्या दुकानांत रोजगार घटल्याचे कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना आढळले नाही, हे १९९४ सालचे संशोधन कोणी पुढे केल्यास 'त्यावर वाद आहेत' एवढेच म्हणावे. वाद खरोखरच आहेत, आणि ते मिटेपर्यंत पगारवाढ थांबवता येते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे कलम २३ न्याय्य मोबदल्याचा आणि संघटना काढण्याचा हक्क देते. ते चौकटीत बसवून भिंतीवर लावावे, काच पुसायला बाई आहेच.

खरे जपायचे ते एकीपासून. १९६८ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले, तेव्हा सुमारे तेराशे जण संपावर गेले, 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन रस्त्यावर उतरले, आणि सुमारे दोन महिन्यांनी शहराला त्यांची संघटना मान्य करून पगार वाढवावा लागला. सगळी माणसे एकाच हजेरीपटावर ठेवण्याची चूक त्या शहराला भोवली, एवढाच बोध आपण घ्यावा. आपण निम्मी माणसे कंत्राटी करावीत, तीही दोन ठेकेदारांत वाटावीत, आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन 'तुला इतरांपेक्षा जास्त देतो, बोलू नकोस कुठे' असे हळूच सांगावे. हे सर्वांना सांगितले तरी बिघडत नाही, कारण ते एकमेकांना विचारणार नसतात. अडीअडचणीला उचल सढळ हाताने द्यावी, म्हणजे देणेकरी माणूस सभेला जाण्यापूर्वी दहादा विचार करतो. त्यातूनही जो बोलतो, त्याला मुकादम करावे.

शेवटची सूचना आपल्यातल्या पगारदारांसाठी. या माणसांच्या मागण्यांशी आपला संबंध नाही, अशी समजूत बाळगावी, आणि आपली स्वतःची नेमणूकही आता अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होत असेल, तर ती गोष्ट सफाईवालीच्या कानावर जाऊ देऊ नये.