एरर आली म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करू नका

कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘गोडो गेम इंजिन कंपाइल करताना येणाऱ्या सगळ्या एररवर रामबाण उपाय’. (गोडो म्हणजे गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर, आणि कंपाइल म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं.) त्याचं म्हणणं असं: १६ जीबी रॅम नसेल तर नाद सोडा. एरर आली की अख्खं फोल्डर उडवा, तरी नाही गेली तर विंडोज नव्याने टाका. स्क्रिप्टिंगची लायब्ररी जुळत नसेल तर अँटिव्हायरस बंद करून आमच्या लिंकवरची तयार फाइल टाका. आणि कंपाइल केल्याशिवाय गेम बनतच नाही. पुसदकडे खेड्यात राहणारा माझा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. हे वाचून तो लॅपटॉप फॉरमॅट करायला निघाला होता. त्याच लॅपटॉपवर बहिणीच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आहेत, घरचे सातबारे आणि पीक विम्याचे कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत. म्हणून हे लिहितोय.

फॉरमॅटचंच आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच आहे. पंपाने पाणी फेकलं नाही म्हणून कोणी विहीर बुजवतं का? पुतण्याच्या स्क्रीनवर शेवटची ओळ होती, ‘बिल्डिंग टर्मिनेटेड बिकॉज ऑफ एरर्स’. ती ओळ काहीच सांगत नाही, कुठल्याही चुकीला तीच येते. स्कॉन्स, म्हणजे हे कंपाइलचं काम चालवणारं टूल, एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करतो, त्यामुळे खरी एरर वर कुठेतरी बाकीच्या वॉर्निंगांखाली दबलेली असते. वर सरकत जा आणि पहिली एरर शोधा. त्याची निघाली ‘आउट ऑफ मेमरी’. लिनक्सवर याच दुखण्याला बहुतेकदा नुसतं ‘किल्ड’ असं दिसतं. आता सांगा, विंडोज नव्याने टाकून रॅम वाढणार आहे का?

बिल्ड (कंपाइलची एक फेरी) सुरू होतानाच स्कॉन्स सांगतो की प्रोसेसरचे इतके थ्रेड (एकाच वेळी काम करू शकणारे हात) सापडले आणि त्यातले इतके वापरतोय. चारपेक्षा जास्त असतील तर एक सोडून सगळे वापरतो. म्हणजे आठ थ्रेड असतील तर सात कंपायलर एकदम रॅम मागणार. कमांडमध्ये ‘जे’ (-j) हा पर्याय देऊन तो आकडा दोनवर आणा, पेज फाइल किंवा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवा. वेळ जास्त लागेल, पण काम पार पडेल. ‘जे’चा हा पर्याय गोडोच्या अधिकृत दस्तऐवजातल्या कंपायलिंगच्या विभागात लिहिलेला आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो विभाग उघडलासुद्धा नसावा.

फोल्डर उडवण्याचा सल्ला तर आपल्याकडे दुप्पट महागात पडतो. रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर पुन्हा सगळं डाउनलोड कोण करणार? स्कॉन्स झालेल्या फाइलींची नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी फक्त राहिलेलं किंवा बदललेलं करतो. मात्र ही नोंद तो थांबताना लिहितो. म्हणून लाइन गेली की बॅटरी संपायची वाट पाहू नका. कंट्रोल आणि सी दाबा, ‘बिल्ड इंटरप्टेड’ दिसू द्या, मग लॅपटॉप बंद करा. लाइन आली की तीच कमांड पुन्हा द्या, काम तिथूनच पुढे चालू होतं. अचानक बंद पडला तर त्या फेरीची मेहनत वाया जाते.

रॅमबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड जीव खातो. पण ‘होतच नाही’ हे खोटं.

आता ती लिंकवरची फाइल. पोरांनो, हे नीट वाचा. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं एक्स्टेन्शन (इंजिनला बाहेरून जोडायचा भाग) म्हणजे सरळ मशीनवर चालणारा कोड. तुमच्या खात्याला जे उघडता येतं ते सगळं त्याला उघडता येतं: आधारचे स्कॅन, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं. असली फाइल अनोळखी माणसाकडून घ्यायची, वर अँटिव्हायरस बंद करायचा? काहून?

लायब्ररी न जुळण्याची कारणं साधी असतात. ‘गोडो-सीपीपी’ (सी प्लस प्लसमध्ये एक्स्टेन्शन लिहायची लायब्ररी) वापरणाऱ्या प्रोजेक्टची झिप उतरवली तर सबमॉड्यूलचं, म्हणजे प्रोजेक्टला जोडलेल्या त्या लायब्ररीचं, फोल्डर रिकामं येतं आणि स्कॉन्स ‘मिसिंग एसकॉनस्क्रिप्ट फाइल’ म्हणून थांबतो. झिपऐवजी गिटने (कोड उतरवायच्या आणि सांभाळायच्या टूलने) प्रोजेक्ट घ्या, सबमॉड्यूल अपडेट करा, झालं. दुसरं कारण आवृत्तीचं. ४.२ साठी बांधलेलं एक्स्टेन्शन ४.३ मध्ये चालायला हवं, पण ४.३ चं ४.२ मध्ये नाही. आणि ४.० चं ४.१ किंवा पुढे चालत नाही. सी शार्पचं प्रकरण मात्र खरंच किचकट आहे. मोनो मॉड्यूल (इंजिनमधला सी शार्पचा भाग) चालू करून बिल्ड केल्यावर ग्लू, म्हणजे इंजिन आणि सी शार्प जोडणारा कोड, वेगळा तयार करावा लागतो, मग असेंब्ली (सी शार्पच्या तयार लायब्ररी) बांधाव्या लागतात. ही पायरी राहिली की एडिटर कुरकुरतो. पण त्या दोन्ही कमांडही त्याच दस्तऐवजात आहेत.

कंपाइल केल्याशिवाय गेम बनत नाही, हे तर साफ चूक. साध्या आवृत्तीचा तयार एडिटर १०० एमबीच्या आत उतरतो, जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषा त्यातच असते. इंजिनच्या आत हात घालायचा असेल तरच कंपाइल करा.

ज्यांनी ती फाइल टाकलीच असेल, त्यांनी लॅपटॉपचं नेट तोडा, फाइल काढा, अँटिव्हायरस चालू करून पूर्ण स्कॅन लावा. ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड त्या लॅपटॉपवरून नाही, घरातल्या फोनवरून बदला. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकला होता, तिथून आजच काढा.