वाटाण्याएवढा मणी

घरी ज्योतीवर काचेचे मणी करायचे ठरलं की माणूस पहिला टॉर्च, म्हणजे प्रोपेन आणि ऑक्सिजनवर चालणारा बर्नर, विकत घेतो. माझं ऐकाल तर आधी खिडकी बघा. टॉर्चला वीतभर जागा पुरते. त्या ज्योतीतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर घालवायला मात्र हूड, डक्ट आणि एक्झॉस्ट पंखा लागतो. शिवाय पाठीमागून ताजी हवा आत यायला हवी. दारं घट्ट लावून घेतलीत तर पंखा नुसताच गुरगुरतो.

प्रोपेनचं सिलिंडर घराबाहेर, उभं. हा वायू हवेपेक्षा जड, गळला की पायाशी साचतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. इंधनाच्या नटाचे आटे उलटे असतात, हे पान्याशी कुस्ती खेळण्याआधी कळलेलं बरं. आणि ऑक्सिजनचा रेग्युलेटर गंजू नये म्हणून त्याला तेलाचं बोट लावणारा हितचिंतक घरोघरी असतो. त्याला खोलीबाहेर ठेवा: दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल भडकतं.

चष्मा डिडिमियमचा. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा भगभगाट तो गाळतो, आणि मग आपण नेमकं काय बिघडवतोय ते स्पष्ट दिसतं.

खरा छळवाद सळीचा, जिच्यावर वितळलेली काच गुंडाळून मणी करायचा. स्टीलची २.४ मिलिमीटरची सळी मातकट लेपात बुडवून वाळवायची. लेप पातळ झाला तर मणी सळीला जन्माचा चिकटतो. जाड झाला तर ऐन रंगात लेप तडकतो. आपण सळी फिरवतो, मणी ढिम्म! काचेची कांडी एकदम ज्योतीत खुपसली की तिचे फुटाणे उडतात, ते थेट मांडीवर. म्हणून कपडे सुती. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

प्रसरणांक म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा. १०४ प्रसरणांकाची मऊ काच आणि ३३ ची बोरोसिलिकेट ही कडक काच यांची सोयरीक जुळवू नका. मांडवात सगळं गोड दिसतं, निवताना ‘टक्’!

भट्टीला पर्याय नाही. स्वयंपाकघरातला ओव्हन २५० अंशांवर दमतो. मऊ काचेला ५१० च्या आसपास मुरावं लागतं, मग सावकाश उतरावं लागतं. व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांच्या, डब्यात पुरलेला मणी हळू निवतो खरा, पण पोटातला ताण तसाच. आणि मध्येच दार उघडून ‘झाला का?’ बघायचं नाही.

सकाळी मणी सळीसकट पाण्यात भिजवून, पाण्यातच पिळून सळीवरून काढायचा. कोरड्या लेपाची धूळ फुप्फुसांना वाईट. निघतो. बहुतेक वेळा.