प्रसूतिगृह हलवायचंय? मग जनतेला विचारल्यासारखं करा!

वस्तीतलं प्रसूतिगृह उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय आणि वर लोकांचं मत घेतलं असंही दाखवायचंय? अजिबात घाबरू नका. गेल्याच आठवड्यात पूर्व नागपुरात ही कला मी खुर्ची धरून बसून पाहिली. शिकवणी फुकट देते, लिहून घ्या.

निर्णय आधी घेऊन टाका. मत नंतर मागवलं की बदलायची कटकट राहत नाही.

नोटीस दवाखान्यातच लावा, पण लसीकरणाच्या पोस्टरखाली. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सूचना व हरकती मागविण्यात येत आहेत’ एवढं वाचून माणूस पुढच्या कामाला लागतो.

सभा मे महिन्यात, दुपारी तीनला. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. हॉल दुसऱ्या मजल्यावरचा बघा, लिफ्ट बंद असलेला. जिला आठवा लागलाय ती येणार नाही, आणि आलीच तर जिना चढून तिच्यात बोलायचा दम उरणार नाही.

सिस्टर आणि आशाताईंचंही मत घ्या हो, कर्मचारी म्हणजे आपलं कुटुंब! फक्त बदलीचे आदेश आधी हातात द्या, मग वरिष्ठांना समोरच्या रांगेत बसवा आणि म्हणा, “मनमोकळेपणानं बोला.” आमच्याकडे एक सिस्टर उठल्या. रात्रपाळीला लेबर रूममध्ये त्यांनी किती बाळं झेलली असतील, त्यांनाच ठाऊक. साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली, सिस्टर “काही नाही सर” म्हणाल्या आणि बसल्या. कार्यवृत्तात काय लिहायचं? ‘कर्मचाऱ्यांची हरकत नाही.’

आता मुख्य धडा, सादरीकरणाचा. पडद्यावर नकाशा लावा, त्यावर निळी रेघ ओढा आणि म्हणा, “नवीन ठिकाण फक्त वीस मिनिटांवर.” वीस मिनिटं! कुणाच्या गाडीनं? लाल दिव्याच्या? आमच्याकडे अर्धा रस्ता सिमेंटचा व्हायचाय आणि उरलेला अर्धा झालेला परत खोदलाय. पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात, ती पोचेलही कदाचित. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई पटकन मोकळी होते, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. ती म्हातारी सभेला होती, तिला कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारी पारडीकडची एक बाई होती, कडेवर पोट्टं. तिनं उभं राहून विचारलं, “साहेब, रातच्याले दोन वाजता कळा सुटल्या त ऑटो कोन आनून देईन?” साहेब हसून म्हणाले, “तुमची सूचना नोंदवून घेतली.” अहो, सूचना कुठली? प्रश्न होता तो! जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, घरून दवाखान्यात न्यायची गाडी त्यात फुकट आहे. मग अशा गाड्या किती आणि रात्री त्यातल्या किती उभ्या असतात, एवढं एका स्लाइडवर मावत नव्हतं? मावलं काय, तर नवीन इमारतीच्या दर्शनी भागाचं रंगीत चित्र. कारंज्यासकट.

बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं, असं प्रसूतिकक्ष सुधारायच्या २०१७ च्या सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आहे. त्या माणसाला बस कोणती, हे मात्र विचारू नका.

चहा-समोसा ठेवा. समोशाच्या टेबलावरच कागद ठेवा आणि “हजेरी आहे ताई, सही करा” म्हणा. चार दिवसांनी तोच कागद ‘प्रस्तावास संमती दर्शविणारे नागरिक’ या मथळ्याखाली फाइलला जोडा. हे मी मनचं सांगत नाही. त्या यादीत माझं नाव मी स्वतः वाचलं. खाली पारडीकडच्या त्या बाईचा अंगठा.

अंगठा! जिनं तेवढा एकच प्रश्न विचारला आणि उत्तर न घेता परत गेली, तिची संमती?

बास झालं. महापालिकेतले नगरसेवक २०२२ च्या मार्चमध्ये पायउतार झाले आणि प्रशासकराज आलं, तेव्हापासून लोकांना विचारायची सवयच मोडली तुमची. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. कलम ४ वाचा, साहेब. लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना सगळी संबंधित तथ्यं जाहीर करायची आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं द्यायची, असं त्यात लिहिलंय. आम्ही अर्ज करायचीही वाट बघायची नसते. मग लावा बाहेर फळ्यावर: वर्षाला बाळंतपणं किती, त्यातली रात्रीची किती, पुढे किती बायांना पाठवलं, नवीन जागी खाटा किती वाढणार. रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे. सभा परत घ्या, संध्याकाळी, तळमजल्यावर, आणि त्या सिस्टरला वरिष्ठ नसताना बोलू द्या. आणि ती यादी फाइलमधून आजच काढा. हजेरी दिली होती आम्ही, होकार नाही.