‘प्रश्न समजून घ्यायची गरज नाही’ म्हणे!

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरायची वेळ आली की एक मजकूर मुलांच्या ग्रुपांवर फिरू लागतो. आशय असा: निसर्गाने उत्क्रांतीतून माणूस घडवला, त्यापुढे वेळापत्रक म्हणजे किरकोळ काम. जेनेटिक अल्गोरिदमला कोणतंही नियोजन द्या. प्रश्न समजून घ्यायची गरज नाही, चुकांना दंड लावा, पिढ्या वाढवा, सर्वोत्तम उत्तर आपोआप मिळतं. जुन्या पद्धती कालबाह्य झाल्या. जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे अनेक उत्तरांची ‘लोकसंख्या’ घेऊन, त्यातल्या चांगल्या उत्तरांचा संकर करून नवी ‘अपत्यं’ घडवत, पिढ्यान्‌पिढ्या अधिक चांगलं उत्तर शोधणारी पद्धत. मी बरीच वर्षं असे प्रकल्प तपासतो आहे. या मजकुरावर विसंबून अख्खं सत्र घालवलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन उत्तर देतो.

‘सर्वोत्तम उत्तर मिळतंच.’ कधी कधी मिळतं, पण मिळालं हे अल्गोरिदमला कळत नाही. फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये कारखान्याचं एक कोडं मांडलं: १० कामं, १० यंत्रं, प्रत्येक कामाचा यंत्रांवरून जाण्याचा क्रम आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ ठरलेला. सगळी कामं लवकरात लवकर कधी संपतील? एका यंत्रावर १० कामं ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात. दहाही यंत्रांचे क्रम धरले तर हा आकडा सुमारे ४ वर ६५ शून्यं इतका होतो. किमान वेळ ९३० एकक आहे हे कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये, तब्बल २६ वर्षांनी, सिद्ध केलं. त्यांची पद्धत ब्रँच अँड बाउंड, म्हणजे ज्या फांदीत यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही ती पुराव्यासह छाटत जायची. आपण १०० जणांची लोकसंख्या १,००० पिढ्या चालवली तर एक लाख वेळापत्रकं पाहून होतात. त्यात ९३० सापडेलही. पण ९२९ अस्तित्वात नाही, हे एक कोटी वेळापत्रकं पाहूनही सांगता येणार नाही. पिढीगणिक उत्तर किती सुधारलं याचा आलेख सपाट झाला म्हणून उत्तर सर्वोत्तम, असं रिपोर्टात लिहिलेलं मला वारंवार दिसतं. बहुतेकदा आलेख सपाट होतो तो लोकसंख्येतली सगळी उत्तरं एकमेकांसारखी झाली म्हणून.

आता ज्या विधानाने सर्वांत जास्त नुकसान होतं ते घेऊ: ‘प्रश्न समजून घ्यायची गरज नाही.’

सहा कामांचे दोन क्रम घ्या. पहिला १-२-३-४-५-६, दुसरा ४-६-२-१-३-५. पुस्तकातल्या पहिल्या धड्याप्रमाणे मधोमध कापून जोडले की अपत्य येतं १-२-३-१-३-५. काम १ आणि ३ दोनदा, ४ आणि ६ गायब. हे वाईट वेळापत्रक नाही, हे वेळापत्रकच नाही. ही अडचण १९८५ मध्येच ओळखली गेली होती. डेव्हिस, गोल्डबर्ग आणि लिंगल यांनी क्रम न मोडता संकर करण्याच्या वेगळ्या रीती त्याच वर्षी मांडल्या.

क्रम शाबूत राहिला तरी पुढे दुसरा खड्डा आहे. वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंग ही दोन यंत्रं आणि दोन कामं आहेत. ‘अ’ आधी लेथवर जाऊन मग मिलिंगला जातं, ‘ब’ आधी मिलिंगला जाऊन मग लेथवर. अल्गोरिदमने लेथच्या यादीत ‘ब’ पहिलं लावलं आणि मिलिंगच्या यादीत ‘अ’ पहिलं. लेथ ‘ब’ची वाट पाहतं, ‘ब’ मिलिंगपाशी अडलेलं. मिलिंग ‘अ’ची वाट पाहतं, ‘अ’ लेथपाशी अडलेलं. दोन्ही याद्या आपापल्या जागी बिनचूक, पण कारखाना ठप्प. बियरविर्थ यांनी १९९५ मध्ये यावर फार देखणा उपाय दिला. यंत्रागणिक याद्या नकोतच. प्रत्येक कामाचा क्रमांक त्याच्या टप्प्यांइतक्या वेळा एकाच ओळीत लिहायचा आणि डावीकडून वाचत जायचं. ‘अ’ पहिल्यांदा दिसला की त्याचा पहिला टप्पा, दुसऱ्यांदा दिसला की दुसरा. कोणतीही ओळ घ्या, ती अडत नाही. ही युक्ती उत्क्रांतीने शोधलेली नाही. काम यंत्रांवरून कसं सरकतं हे नीट पाहणाऱ्या माणसाला ती सुचली.

ज्याला कृत्रिम बुद्धिमत्तेत प्लॅनिंग म्हणतात, म्हणजे कोणत्या कृती कोणत्या क्रमाने केल्यावर उद्दिष्ट गाठता येईल हे शोधणं, तिथे हा मुद्दा आणखी ठळक होतो. माल ट्रकमध्ये भरा, ट्रक पुढच्या गावी न्या, तिथे माल उतरवा. यातली पहिली कृती बदलली की तिच्यानंतरच्या सगळ्या निरर्थक होतात, कारण न भरलेला माल उतरवता येत नाही. म्हणून कृतींच्या ओळीच थेट उत्क्रांत करायला गेलं की बहुतेक अपत्यं जन्मतःच निकामी असतात. श्योनॉएर, साव्हेआं आणि व्हिदाल या फ्रेंच संशोधकांनी २००६ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांची उत्क्रांती फक्त मधले मुक्काम सुचवते, आणि एका मुक्कामाहून दुसऱ्याला जायची वाट नेहमीचा प्लॅनर, म्हणजे असं प्लॅनिंग करणारा प्रोग्रॅम, शोधतो. या पद्धतीने २०११ च्या आंतरराष्ट्रीय प्लॅनिंग स्पर्धेत वेळेचं भान ठेवून योजना करण्याचा विभाग जिंकला. मजकूर पसरवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर द्यावं, पण पूर्ण द्यावं: जिंकलं ते उत्क्रांती आणि प्लॅनर यांचं जोडकाम.

वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांचं १९९७ चं प्रमेयही हेच सांगतं. शक्य असलेल्या सगळ्या प्रश्नांची सरासरी काढली तर कोणतीही शोधपद्धत दुसरीपेक्षा वरचढ नसते. एखादी पद्धत वरचढ ठरते ती समोरच्या प्रश्नाची घडण तिच्यात उतरलेली असते म्हणून.

‘चुकांना दंड लावा.’ कॉलेजच्या वेळापत्रकात एकाच शिक्षकाला एका तासाला दोन वर्गांत टाकलं तर १० गुण दंड, मुलांचा मधला एक तास रिकामा राहिला तर १ गुण, असं कोष्टक मी एका प्रकल्पात पाहिलं. एक टक्कर केल्याने ११ रिकामे तास वाचत असतील तर या हिशोबाने टक्करच फायद्याची! अल्गोरिदमने नेमकं तेच केलं आणि मुलं कोडमधली चूक शोधत बसली. कोड बरोबर होता, चूक त्या कोष्टकात होती. मोडता न येणारे नियम शक्यतो रचनेतच बसवावेत, किंवा प्रत्येक अपत्य दुरुस्त करून घ्यावं. दंड तडजोड चालणाऱ्या गोष्टींसाठी ठेवावा.

‘जुन्या पद्धती कालबाह्य झाल्या.’ हे तर साफ खोटं आहे. प्रत्येक पुस्तकाची आधी छपाई आणि मग बांधणी, अशी दोनच यंत्रं असतील तर जॉन्सन यांचा १९५४ चा नियम वहीवर चालतो. सगळ्या वेळांतली सर्वांत लहान शोधा. ती छपाईची असेल तर ते पुस्तक रांगेत पुढे, बांधणीची असेल तर रांगेत शेवटी. ते बाजूला ठेवून उरलेल्यांवर तेच करा. शेवटचं पुस्तक लवकरात लवकर संपवणारा क्रम हाती येतो, सिद्धतेसह. इथे पिढ्या चालवण्याचं काही कारण नाही. आणि फिशर-थॉम्पसन यांचं ते १० यंत्रांचं कोडं आज गूगलच्या ओआर-टूल्स या मोफत संचातला सीपी-सॅट सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम, साध्या लॅपटॉपवर थोड्याच वेळात सोडवतो, ९३० हे किमान असल्याच्या हमीसह. प्रकल्पात ही तुलना नसेल तर मी ती आधी करून आणायला सांगतो.

तरीही मी मुलांना हा विषय सोडा म्हणत नाही. लोकसंख्या बाळगणं हे या पद्धतीचं खरं बळ आहे, आणि ते त्या मजकुरात कुठेच नाही. तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेल्या कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली एनएसजीए-२ ही पद्धत एक उत्तर देत नाही, तडजोडींची रांग देते. मुलांचे रिकामे तास कमी केले तर शिक्षकांना सलग किती तास घ्यावे लागतील, आणि शिक्षकांना उसंत दिली तर मुलांचे किती तास वाया जातील, हे एकाच वेळी समोर येतं. गेल्या वर्षी दोन मुलींनी अशी १४ वेळापत्रकं काढून विभागाच्या बैठकीत मांडली. कोणतं निवडायचं यावर शिक्षक तासभर भांडले, आणि त्या दोघी शेजारी बसून प्रत्येक आक्षेप टिपून घेत होत्या, पुढच्या आवृत्तीसाठी.